केस सुटले तेव्हा

निळं आंतरदेशीय पत्र होतं. वाचनालयाचा शिपाई गेनबा ते देवघेवीच्या टेबलावर ठेवून तिथंच उभा राहिला.

"तुमच्या नावाचं आलंय, भास्करराव."

"ठेवा तिथं."

"घरचं हाय का?"

"घर इथून चार पावलांवर आहे, गेनबा. घरचं कशाला येईल?"

"मग बाहेरचं. अक्षर बाईमाणसाचं दिसतंय." त्यानं पत्र माझ्याकडं सरकवलं. "उघडा की."

मी उघडलं नाही. तो झाडू घेऊन बाहेर गेल्यावर पत्र खिशात घातलं आणि बांधीव मासिकांच्या कपाटामागं जाऊन वाचलं. पंधरावीस ओळी होत्या आणि शेवटी एक प्रश्न. त्याचं उत्तर मला वाचता क्षणीच ठाऊक होतं. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. मी ते दिलं नाही. या गोष्टीला बावन्न वर्षं झाली.

पत्र का आलं हे सांगायचं तर दोन आठवडे मागं जावं लागेल.

आम्ही फलटणचे कासार. आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान थोरला भाऊ बघायचा. मी गल्ल्यावर बसलो की गिऱ्हाइकाशी काय बोलावं ते सुचायचं नाही आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं, म्हणून दादांनी कुणाला तरी सांगून मला वाचनालयात चिकटवलं होतं. आई मी लहान असतानाच गेली. दादांना दमा. घरात शब्द चालायचा तो चंपूआत्याचा. ती बालविधवा होती, आमच्याकडेच राहायची आणि चार घरांची लग्नं तिनं जमवली होती.

मुलगी बघताना आत्याची एक अट असायची. मुलीनं केस सोडून दाखवायचे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी नवरीची अर्धी वेणी गळून पाटावर पडली होती. ते गंगावन होतं, म्हणजे विकत आणलेल्या केसांचं शेपूट, खऱ्या वेणीत गुंफलेलं. भटजी मंत्र विसरले. आत्या ती आठवण सांगताना अजून लाल व्हायची. "सोन्यात तांबं मिसळलेलं मी हातात घेऊन सांगते," ती म्हणायची, "आणि मला केसांत फसवतात!"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती मला घेऊन एस.टी.नं इंदापूरला निघाली. मी सत्तावीस वर्षांचा होतो. त्याआधी तीन मुली पाहून झाल्या होत्या, म्हणजे आत्यानं पाहिल्या होत्या. मी त्या तिघींच्या पायांची बोटं तेवढी पाहिली होती.

वेळापुऱ्यांचं बांगड्यांचं दुकान पेठेत होतं. संक्रांत जवळ आल्यानं दुकानात बायकांची दाटी होती. दुकानातूनच लाकडी जिना वर घरात जायचा. वरच्या खोलीत पेठेकडं तोंड केलेली मोठी खिडकी, सतरंजी, दोन खुर्च्या. वेळापुरे साधे, घाबरट गृहस्थ होते. आम्ही बसतो न बसतो तोच ते म्हणाले, "पत्रिका तेवढी आज हाताशी नाही. धाकट्या भावाकडं अकलूजला राहिलीय. आली की पोस्टानं पाठवतो. पत्ता लिहून देता का?"

घरी पत्र आलं की आत्या ते शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायची, हे माहीत असल्यानं मी वाचनालयाचा पत्ता लिहून दिला. कागद त्यांनीच पुढं केला होता. बांगड्यांच्या गठ्ठ्यावरचा होता, एका बाजूला हिंदी छापलेला.

मग मुलगी पोहे घेऊन आली. हेमलता तिचं नाव. जांभळी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि चापूनचोपून बसवलेले, तेलानं चमकणारे केस. मागं लांबलचक वेणी. मी पोह्यांच्या बशीत बघू लागलो.

"शिक्षण?" आत्यानं विचारलं.

"मॅट्रिक."

"पुढं का नाही?"

"दुकानात माणूस लागतं."

"स्वैपाक?"

"येतो."

"पुरण वाटता येतं, का नुसतं खाता येतं?"

"दोन्ही येतं."

वेळापुरे खोकले. आत्यानं माझ्याकडं पाहिलं असावं. "तुला काय विचारायचं ते विचार की. मुका आहेस असं वाटेल त्यांना."

मी शेंगदाणे एका कडेला सारत म्हणालो, "आपण... वाचता का?"

"झालं!" आत्या म्हणाली. "याचं लगीन कपाटाशीच लावायला पाहिजे."

"वाचते," मुलगी म्हणाली. "बांगड्या गुंडाळून येतात ते कागद वाचते. फिरोजाबादहून येतात ते हिंदी असतात, पुण्याहून येतात ते मराठी."

"मासिकांचे?"

"कशाचेही. कधी गोष्ट मधूनच सुरू होते. कधी शेवट दुसऱ्याच गठ्ठ्याला गेलेला असतो."

"मग पुढं काय झालं ते कसं कळतं?"

"पुढचं मीच करते. मनातल्या मनात. दिवस बरा गेला असेल तर बरं करते."

अनोळखी बाईशी मी इतकं कधी बोललो नव्हतो. अजून काही विचारावं असं फार वाटत होतं. एखादी पूर्ण गोष्ट पाठवू का, असंही तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्यात आत्या म्हणाली, "पोरी, वेणी सोड बघू जरा."

तिची आई दारात उभी होती. ती पटकन पुढं आली. "अहो ताई, सकाळीच न्हाणं झालंय. ओले आहेत अजून."

"ओले केस तर सोडायचेच असतात."

"थंडी बाधते तिला."

"खिडकीत ऊन आहे की."

खालून दुकानातल्या बायकांचा कालवा ऐकू येत होता. कुणी तरी "आई गं, मोडला हात!" म्हणून ओरडली आणि बाकीच्या हसल्या. मग मुलीनंच हात मागं नेले आणि आकडे काढून एकेक करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. आत्यानं वेणीचं टोक धरून जरासं ओढलं. वेणी तिच्या हातात आली.

"हे कुणाचं?" आत्यानं ती उचलून धरली.

"विकतचं," मुलगी म्हणाली.

"आणि तुझे?"

"थांबा." तिनं दोन्ही हातांची बोटं केसांत घातली, तेलानं दाबून बसवलेला तो थर मोकळा केला आणि हात काढून घेतले. "हे."

ताणून धरलेल्या बटा एकेक करून वर उसळल्या. आखूड, दाट, कुरळ्या. खांद्यापर्यंत यायचे केस कानाच्या पाळीशी येऊन थांबले आणि तिथून रुंदीला वाढत गेले.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "हा तर सुगरणीचा खोपा!"

"जात्याच कुरळे आहेत," वेळापुरे म्हणाले. "आमच्या आईचे असेच होते."

"रोज तेल लावलं की बसतात हो," तिची आई काकुळतीनं म्हणाली. "लग्नानंतर बसतील."

"बसत नाहीत, आई," मुलगी म्हणाली. "बावीस वर्षं झाली."

"आणि असल्या केसांची बाई कुणाचं ऐकतही नाही," आत्या म्हणाली. "आमच्यात म्हण आहे. केस वाकडे तिचं डोकं वाकडं."

तेव्हा मी मान वर केली.

मी किती वेळ बघत होतो ते मला सांगता येणार नाही. मुलगी आत्याकडं बघत होती; मग तिनं माझ्याकडं पाहिलं. तिची नजर हलली नाही. माझं तोंड किंचित उघडं असावं, कारण आत्या म्हणाली, "काय रे? तुला काही म्हणायचंय?"

"नाही," मी म्हणालो.

परतीच्या एस.टी.त आत्या नीरा नदीच्या पुलापर्यंत बोलत होती. "पोरगी तोंडाळ. त्यात फसवायला निघालेले लोक."

"फसवत होती तिची आई," मी म्हणालो. "तिनं स्वतः सोडून दाखवले."

"काय म्हणालास?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं मला नकाराचं पत्र लिहायला बसवलं. घरातली पत्रं मीच लिहायचो, अक्षर चांगलं म्हणून.

"काय लिहू?"

"नेहमीचं. पत्रिका जुळत नाही."

"खरं कारण..."

"खरं कारण कशाला लिहायचं? पोरीची जात आहे. केसांवरनं मोडलं म्हटलं की चार गावांत होईल. पत्रिकेचा दोष कुणाला लागत नाही." आत्या दुष्ट नव्हती. तिच्या परीनं ती त्या मुलीवर उपकारच करत होती.

मी लिहिलं. 'आमच्या येथील ज्योतिषांस पत्रिका दाखविली असता गुण जुळत नाहीत असे त्यांचे मत पडले. तरी राग नसावा.' खाली दादांची सही घेतली आणि पत्र पेटीत टाकून आलो.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ते निळं पत्र आलं. ते अजून माझ्यापाशी आहे, म्हणून जसंच्या तसं देतो.

'स. न. वि. वि.

पत्रिका जुळत नाही असं तुमच्याकडून कळलं. माझी पत्रिका अजून अकलूजला काकांच्या ट्रंकेत आहे. ती तुम्हाला पाठवलीच नव्हती. बाबांच्या हे लक्षात आलं नाही, मी त्यांना सांगितलंही नाही. पत्रावर सही वडिलांची असली तरी अक्षर पत्त्याच्या कागदावरचंच आहे, म्हणून तुम्हाला लिहिते. वाचनालयात पाठवते, म्हणजे घरी त्रास नको.

नकाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. कारण मला माहीत आहे. मला वेगळंच विचारायचं आहे. तुम्ही सबंध वेळ खाली बघत होता. माझे केस सुटले तेव्हा तुम्ही वर बघितलंत. माझ्याकडं तसं आजवर कुणी बघितलेलं नाही. म्हणून ते कसं बघणं होतं ते मला ओळखता येत नाही. हसू आलं होतं का? कीव आली होती का?

पुढच्या महिन्यात सोलापूरचे लोक यायचे आहेत. आई पुन्हा गंगावन लावणार म्हणते. मी नको म्हणू शकते, पण तेवढा धीर यायला मला एक खरी गोष्ट कळायला हवी. जे असेल ते लिहा, वाईट असलं तरी चालेल. तुम्हाला काय दिसलं?

हेमलता वेळापुरे'

मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो. 'आपले पत्र पोहोचले' एवढं लिहिलं आणि अडकलो. मला जे दिसलं होतं त्याला शब्द हवा होता. माझ्या हाताशी नऊ हजार पुस्तकं होती. मी शब्द शोधायला लागलो. कादंबऱ्या चाळल्या, जुने कवी काढले, संस्कृतची भाषांतरं काढली. जिथं तिथं केस लांबसडक होते, काळेभोर, नितंबापर्यंत पोचणारे; नागिणी होत्या, काळे ढग होते, नदीचे प्रवाह होते. कुरळे केस सापडायचे ते देवाच्या वर्णनात, तेही कपाळावर भुरभुरणाऱ्या दोन बटांपुरते. तिच्या केसांसारखे केस नऊ हजार पुस्तकांत कुणाच्याच डोक्यावर नव्हते. मग मला वाटायला लागलं की मला दिसलं तेच चुकीचं असेल. इतक्या शहाण्या लोकांना जे दिसलं नाही ते मला, ज्याला गल्ल्यावर नीट बसता येत नाही त्याला, कसं दिसणार?

शिवाय भीती होती. नकार ज्या हातानं लिहिला त्याच हातानं हे लिहायचं? लिहिलं तर पुढं काय? तिनं विचारलं, मग नाही का म्हणालात, तर? नऊ खर्डे केले. नवव्यात 'हसू आलं नव्हतं, कीव आली नव्हती' इथपर्यंत आलो होतो. त्याच्या पुढचं वाक्य लिहिणं तेवढं राहिलं होतं.

संक्रांत गेली. रथसप्तमीला हळदीकुंकवाहून येऊन आत्या म्हणाली, "ऐकलंस का, इंदापूरच्या त्या पोरीचं जमलं. सोलापूरला. केसांचं काय केलं कुणास ठाऊक."

काय केलं असेल ते मला ठाऊक होतं.

मी लग्न केलं नाही. तिच्यामुळं केलं नाही, असं म्हटलं तर ते ऐकायला बरं वाटेल, पण खरं आहे की नाही ते मला सांगता येत नाही. आणखी दोन मुली पाहिल्या. मग आत्या गेली आणि पुढाकार घेणारं कुणी राहिलं नाही. वाचनालयात चौतीस वर्षं काढली. बाईच्या डोक्यावर कुरळे केस दिसले की मी नजर वळवायचो. बघण्याचा अधिकार आपण गमावला आहे, असं काहीसं वाटायचं.

गेल्या वैशाखात बारामतीला माझ्या बहिणीच्या नातीचं, ऋजुताचं, लग्न होतं. मी दोन दिवस आधी गेलो. लग्नघरात मला कोपऱ्यातली एक खोली देतात, कारण मी कुणाच्या उपयोगाचा नसतो आणि अडचणीचाही नसतो. चुडा भरायचा कार्यक्रम माझ्या खोलीबाहेरच्या ओसरीवर होता. भाचेसुनेनं सकाळीच सांगितलं, "आबा, दुपारी बाहेर बायका बसतील. इंदापूरच्या वेळापुरेआजी येणारेत बांगड्या भरायला. नवरा गेल्यावर माहेरचं दुकान सांभाळायला परत आल्या, म्हणून सगळे माहेरच्याच नावानं ओळखतात. सत्तरी उलटलीय, पण त्यांच्या हातून बांगडी फुटत नाही म्हणतात."

मी पुस्तक उघडून बसलो. दार लोटलेलं होतं. दुपारी आवाज आला तेव्हा मी तो ओळखला. आवाज जाड झाला होता, पण बोलण्याची तऱ्हा तीच होती.

"हात सैल सोड गं. मूठ आवळलीस तर बांगडी कशी जाईल? मी काय तुझा हात पळवून नेणार आहे का?"

मुली हसल्या.

"आजी," ऋजुता म्हणाली, "तुमचे केस कसले भारी आहेत! काय लावता?"

"पाणी."

"खरंच सांगा ना."

"खरंच. धुते, बोटांनी सोडवते, उन्हात बसते. कंगवा लावत नाही. तुझेही कुरळेच दिसतात की."

"उद्या पार्लरवाली सरळ करणारे. चार हजार घेतेय."

"कशाला?"

"फोटोत बरे दिसत नाहीत हो. फुलतात."

"फुलू देत की."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला. तुम्हाला शोभतात. पहिल्यापासून असेच होते?"

"पहिल्यापासून असेच. पण मी ते बघितले पंचेचाळिसाव्या वर्षी. दुसरा हात दे."

"म्हणजे?"

"म्हणजे लग्नात मला गंगावन लावलं होतं. माझ्या आईनं. सासरी कळलं तर परत पाठवतील म्हणून रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, तेल थापायचं, वेणी घालायची. डोक्याला ओढ बसून कपाळ दुखायचं. तेवीस वर्षं."

"तेवीस? आणि आजोबांना माहीत नव्हतं?"

"माहीत नसायला काय झालं? एका खोलीत राहत होतो. पण त्यांनी कधी विषय काढला नाही. चांगले होते. विषय न काढणारे."

"मग कधी सोडलंत?"

"ते गेल्यावर. चौदावा झाला, पाहुणे गेले. सकाळी उठले, हात सवयीनं तेलाच्या बाटलीकडं गेला. मनात म्हटलं, आता कुणासाठी? न्हाले आणि गच्चीत जाऊन बसले. वाळत गेले तसतसे वर येत गेले. खाली येऊन आरशात बघितलं तर, अगं, ही कोण एवढी देखणी बाई माझ्या घरात! मी मागं वळून बघितलं, खरंच कुणी आलंय का म्हणून."

ओसरी हसून दणाणली. तीही हसली. मग म्हणाली, "आणि मग रडले. नवरा गेला तेव्हा रडले नव्हते एवढी रडले. सगळ्यांना वाटलं, त्यांच्यासाठी रडते."

"का रडलात?" ऋजुतानं विचारलं.

"पंचेचाळीस वर्षं जवळच होती की ती बाई. मीच तिला दाबून बसवलं होतं." तिनं पुढची बांगडी उचलली. "एकानं बघितलं होतं तिला. मला बघायला आला होता. वेणी सुटून आली आणि हा मान वर करून असा बघत राहिला..."

"कसा?"

"तेच तर कळलं नाही! म्हणून पत्र घालून विचारलं."

"तुम्ही? त्या काळात? मग काय उत्तर आलं?"

"नाही आलं."

"मूर्ख माणूस," ऋजुता म्हणाली.

"नाही गं. लाजरा होता. पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होता, एकेक. तसल्या माणसाला काय बोलायचं? त्याच्या वतीनं मीच लिहायचे उत्तर, मनातल्या मनात. दिवस वाईट असला की वाटायचं, त्याला हसू आलं असणार. बरा असला की..." तिनं ऋजुताचा हात जवळ ओढला. "सैल सोड, सैल. ही शेवटची."

"आणि आलं असतं तर?"

"आलं असतं तर सोलापूरच्यांपुढं अशीच गेले असते. मोडलं असतं, नाही तर जमलं असतं. पहाटेची तेवीस वर्षं झोप तरी मिळाली असती. झाला बघ चुडा. देवाला नमस्कार कर जा."

मी पुस्तक मिटलं. कितवं पान होतं ते बघितलं नाही. भाचेसून दार ढकलून आत आली. "आबा, स्वैपाकघरात कुणी नाही. एवढा चहा आजींना द्याल?"

मी कप घेऊन बाहेर गेलो. मुली आत गेल्या होत्या. ती एकटी बसून उरलेल्या बांगड्या दोरात ओवत होती. केस पांढरेशुभ्र झाले होते आणि दोन्ही बाजूंना मोकळे पसरले होते. मी कप पुढं केला.

"तुम्ही मुलीचे आजोबा?"

"आजीचा भाऊ."

"बरं." तिनं घोट घेतला. "साखर जास्त पडलीय."

"दुसरा आणू?"

"असू द्या. लग्नघर आहे."

एवढंच. मी तिथंच उभा होतो. तिनं एकदा वर पाहिलं, अजून काही हवंय का या अर्थी, आणि पुन्हा ओवायला लागली. मी खोलीत परत आलो. तिनं मला ओळखलं नाही. ओळखण्यासारखं माझ्यात तेव्हा तरी काय होतं?

ऋजुतानं दुसऱ्या दिवशी केस सरळच करून घेतले. पार्लरवालीला आगाऊ पैसे दिले होते.

फलटणला परत आल्यावर मी आठ दिवस स्वतःशी भांडत होतो. तिला आता उत्तराची गरज नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. जे मी सांगायचं ते तिला गच्चीतल्या उन्हानं आणि आरशानं सांगून झालं होतं. मग हे लिहायचं ते माझं मन हलकं व्हावं म्हणून? पण मन हलकं होईल म्हणून न लिहिणं, ही पुन्हा एक पळवाटच होती, आणि माझ्या पळवाटा मला आता पाठ झाल्या आहेत. नवव्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. कोणतंही पुस्तक काढलं नाही.

'हेमलताबाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.

मला हसू आलं नव्हतं. कीवही आली नव्हती. तुमच्या मागं खिडकी होती. केस सुटले तेव्हा ऊन त्यांत शिरलं आणि तिथंच राहिलं. प्रत्येक बटेला कड आली. तुम्ही सुंदर दिसत होता. त्यापूर्वी मी सुंदर हा शब्द खूप वाचला होता. तो कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. आत्या उठून गेली आणि मी तिथंच बसून राहिलो, असं झालं तर किती बरं, असं वाटत होतं. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. भ्यालो होतो. दुसरं कारण नाही.

पत्रिका आलेली नाही, हे नकार लिहिताना माझ्या लक्षात आलं होतं. पत्ता मीच लिहून दिला होता, मी कसा विसरेन? तरी मी तसंच लिहिलं. कारण खोटं आहे हे निदान तुम्हाला कळावं, असं वाटलं असेल. की हे मी आता माझ्या बाजूनं जुळवतो आहे, ते सांगता येत नाही. तुम्हाला कळलंही, आणि तुम्ही विचारलंतही. त्यापुढचं धैर्य मला झालं नाही. त्याची किंमत तुम्ही रोज पहाटे दिलीत, हे मला गेल्या पंधरवड्यात बारामतीला दाराआडून ऐकताना समजलं. जास्त साखरेचा चहा मीच आणला होता.

तुम्हाला आता या उत्तराचा उपयोग नाही. पण प्रश्न तुमचा होता, म्हणून उत्तरही तुमचं आहे. ते इतकी वर्षं मी ठेवून घेतलं.

भास्कर कोळपकर'

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर दहावा खर्डा झाला असता. पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला आणि चालत पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीनं तिकीट लावून दिलं आणि म्हणाली, "बाहेरच्या पेटीत टाका, आजोबा. साडेतीनला निघते."

साडेअकरा वाजले होते. पाकीट पेटीत टाकलं. टाकल्याबरोबर मनात आलं, आत जाऊन विनवणी केली तर ही मुलगी पेटी उघडून परत देईल. मी स्वतःला ओळखून आहे. म्हणून घरी गेलो नाही, आतही गेलो नाही. समोर लिंबाखाली रसवंती आहे, तिच्या बाकावर जाऊन बसलो. रसवाल्यानं दोनदा विचारलं, मी दोन ग्लास रस प्यालो. सावली पायांवरून सरकून रस्त्यावर गेली. साडेतीनला नव्हे, चारला दहा कमी असताना एक माणूस किल्ल्या घेऊन आला. त्यानं पेटी उघडली, पत्रं ओंजळीनं पिशवीत भरली, पिशवीचं तोंड बांधलं आणि ती लाल गाडीत टाकली. गाडी इंदापूरच्या रस्त्याला वळेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही.